‘मेन’ सुरू होण्याआधीच सेगफॉल्ट : शेअर्ड लायब्ररी लोड होताना प्रोग्राम कोसळतो, कारण कसे शोधावे?

उद्यमबागकर

नमस्कार मंडळी. आमच्या कारखान्यात हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या टेस्ट बेंचसाठी सी++ मध्ये लिहिलेला एक प्रोग्राम आहे. दाबमापक, तापमापक आणि फ्लोमीटर यांच्याशी बोलणारे भाग वेगवेगळ्या शेअर्ड लायब्रऱ्यांमध्ये, म्हणजे प्रोग्राम चालवताना जोडल्या जाणाऱ्या कोडच्या फाइलींमध्ये, आहेत. अशा प्रत्येक लायब्ररीत एक ग्लोबल ऑब्जेक्ट असतो आणि त्याचा कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट तयार होताना चालणारे फंक्शन) ‘लिबनोंद’ या मध्यवर्ती लायब्ररीतल्या एका मॅपमध्ये आपले नाव नोंदवतो. मुख्य प्रोग्राम फक्त या मॅपला विचारतो की कोणकोणती उपकरणे उपलब्ध आहेत.

महाराष्ट्रातल्या शिनोळीच्या युनिटमधील जुन्या संगणकावर उबुंटू २०.०४ आहे आणि तिथे हा प्रोग्राम विनातक्रार चालतो. बेळगावच्या उद्यमबागेत आणलेल्या नव्या संगणकावर उबुंटू २२.०४ आहे. तिथे तोच सोर्स पुन्हा कंपाइल करून चालवला, तर क्षणात ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ येतो, म्हणजे मनाई असलेल्या मेमरीला हात लावल्यामुळे यंत्रणा प्रोग्राम मारून टाकते. ‘मेन’ या मुख्य फंक्शनमधली पहिली छपाईची ओळसुद्धा पडद्यावर दिसत नाही. मधल्या काळात ऑपरेटर मंडळींच्या सोयीसाठी पडद्यावरील मजकूर कन्नडमध्येही दाखवणारी एक नवी लायब्ररी जोडली गेली, त्यामुळे संशय तिच्यावरही आहे. बिल्डची फाइल आधीच्या डेव्हलपरकडून वारशाने आलेली आहे आणि ते आता पुण्यात असतात. सुरुवात कुठून करावी, हे कृपया सुचवावे.

राकसकोप

थोडक्यात, सीमेपलीकडे चालतो आणि अलीकडे कोसळतो! माझ्या मते नव्या संगणकावर लायब्ररी सापडत नसावी. लायब्रऱ्या कुठे शोधायच्या हे सांगणाऱ्या ‘एलडी_लायब्ररी_पाथ’मध्ये आपल्या लायब्रऱ्यांची डिरेक्टरी घालून पाहा. माझी निम्मी दुखणी एवढ्यानेच गेली आहेत.

जुनासिस्टीमवाला

राकसकोप, सीमाप्रश्न इथे नको, तो सुटायला वेळ लागतो. आपण सुचवलेला उपाय दुसऱ्या दुखण्यावरचा आहे आणि हा फरक आरंभीच स्पष्ट केलेला बरा, कारण ‘लायब्ररी लोड होत नाही’ या एका तक्रारीखाली लोक निरनिराळ्या गोष्टी सांगत असतात.

लायब्ररी सापडलीच नाही, तर प्रोग्राम कोसळत नाही. डायनॅमिक लोडर, म्हणजे सुरुवातीला लायब्रऱ्या मेमरीत आणणारा प्रोग्राम, ‘एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज’ असे स्पष्ट लिहून १२७ या एक्झिट कोडने बाहेर पडतो. सिंबल (फंक्शनचे किंवा व्हेरिएबलचे नाव) सापडले नाही किंवा जीलिबसी या यंत्रणेच्या मूळ सी लायब्ररीची हवी ती आवृत्ती नसली, तरीही तो असाच नाव घेऊन तक्रार करतो. सेगफॉल्टमध्ये मात्र प्रक्रिया सिग्नल ११ ने मरते आणि शेलला १२८ अधिक ११, म्हणजे १३९ दिसतो. १३२ दिसला तर तो सिग्नल ४, म्हणजे प्रोसेसरला न कळलेली सूचना. नव्या प्रोसेसरवर ‘मार्च नेटिव्ह’ हा कंपायलरचा पर्याय लावून बनवलेली लायब्ररी जुन्या यंत्रावर नेली की हे हमखास घडते. १३५ म्हणजे बस एरर, आणि तिथे लायब्ररीची फाइल अर्धवट कॉपी झालेली असण्याची शक्यता पहिल्यांदा तपासावी.

म्हणून पहिले काम हे : प्रोग्राम चालवा, लगेच एक्झिट कोड पाहा आणि ‘डीमेसेज’ या कर्नेलच्या संदेशांच्या नोंदीतली शेवटची ओळ इथे द्या.

आणखी एक गोष्ट. ‘मेन’मधली ओळ छापली गेली नाही, एवढ्यावरून ‘मेन’ सुरूच झाले नाही असा निष्कर्ष काढू नये. आउटपुट फाइलकडे किंवा पाइपकडे वळवलेले असेल, तर मजकूर बफरमध्ये थांबतो आणि प्रक्रिया मेली की त्याच्याबरोबर जातो. जीडीबी या डीबगरमध्ये ‘मेन’वर ब्रेकपॉइंट (थांबा) लावून खात्री करून घ्यावी.

घटप्रभा

वरील मुद्द्यांना जोडून एक प्रयोग सुचवते. आपण दोन गोष्टी एकदम बदलल्या आहेत, एक म्हणजे यंत्रणा आणि दुसरी म्हणजे कन्नड मजकुराची लायब्ररी. शिवाय नव्या संगणकावर नव्या कंपायलरने पुन्हा कंपाइल केले, म्हणजे बदल तीन झाले. ते वेगळे केल्याशिवाय कोणावरही बोट ठेवता येणार नाही. शिनोळीच्या संगणकावर कन्नड लायब्ररीसह बिल्ड करून चालवा, आणि तिथेच तयार झालेल्या फाइली जशाच्या तशा उद्यमबागेच्या संगणकावर आणूनही चालवा. जुन्या जीलिबसीवर बनवलेला प्रोग्राम नव्या जीलिबसीवर सहसा चालतो, उलट दिशेने मात्र चालेलच असे नाही.

उद्यमबागकर

दोन्ही सूचनांप्रमाणे करून पाहिले.

एक्झिट कोड १३९ आहे. ‘डीमेसेज’च्या ओळीचा सारांश असा : सेगफॉल्ट ॲट ८, एरर ४, इन लिबस्टडसी++.एसओ.६.०.३०.

शिनोळीला कन्नड लायब्ररीसह प्रोग्राम व्यवस्थित चालला. तिथे बनवलेल्या फाइली इकडे आणल्या, तर त्याही तशाच कोसळल्या. जीडीबीमध्ये ‘मेन’वर लावलेल्या ब्रेकपॉइंटपर्यंत प्रोग्राम पोहोचतच नाही.

घटप्रभा

उत्तम. कन्नड लायब्ररी जुन्या संगणकावर सुखाने नांदते, म्हणजे केवळ तिच्या येण्याने बिघाड झालेला नाही. जुन्या कंपायलरने बनवलेल्या फाइलीही इकडे कोसळतात, म्हणजे कंपायलरही सुटला. उरतो तो नव्या संगणकावरचा लोडर आणि त्याच्याबरोबर येणाऱ्या मूळ लायब्रऱ्या.

‘डीमेसेज’ची ओळ पुष्कळ सांगते. एरर ४ चा अर्थ असा की, यूझर मोडमधल्या कोडने ज्या पानाची मॅपिंगच नाही ते वाचण्याचा प्रयत्न केला. लिहिण्याचा प्रयत्न असता तर तिथे ६ दिसले असते. पत्ता ८ आहे. पत्ता शून्याजवळ असला, तर बहुधा कोणीतरी शून्य पॉइंटरला स्ट्रक्चर समजून त्याच्या आरंभापासून आठ बाइट पुढचा घटक वाचत असते. ‘लिबस्टडसी++’ या सी++ च्या प्रमाण लायब्ररीचे नाव पाहून तिच्यात बग आहे असे समजू नये. ती फक्त घटनास्थळ आहे.

आता जीडीबीमध्ये प्रोग्राम कोसळू द्या आणि बॅकट्रेस (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले याची यादी) पूर्ण द्या. नव्या उबुंटूवर ‘डीबगइन्फोडी’ चालू केले, तर मूळ लायब्रऱ्यांची डीबग माहिती आपोआप उतरते. कारखान्यात इंटरनेट नसेल, तर तात्पुरता मोबाइलचा हॉटस्पॉट पुरतो. कोर फाइल घरी नेऊन पाहण्याचा विचार असेल, तर त्या संगणकावरच्या सगळ्या लायब्रऱ्याही सोबत न्या आणि जीडीबीचा ‘सिसरूट’ तिकडे वळवा. बिल्ड-आयडी न जुळणाऱ्या लायब्रऱ्यांवर काढलेला बॅकट्रेस दिसायला खरा वाटतो आणि भलतीकडे नेतो.

उद्यमबागकर

बॅकट्रेस वरून खाली असा आहे :

० : एसटीडी::_आरबी_ट्री_डिक्रिमेंट, लिबस्टडसी++ मध्ये
१ : मॅपमध्ये नोंद घालण्याचे इनलाइन झालेले फंक्शन, लिबनोंदमध्ये
२ : नोंदवा(), लिबनोंदमध्ये
३ : ग्लोबल ऑब्जेक्टचा कन्स्ट्रक्टर, लिबदाब या दाबमापकाच्या लायब्ररीमध्ये
४ : कॉल_इनिट, लोडरमध्ये
५ : _डीएल_इनिट, लोडरमध्ये
६ : _डीएल_स्टार्ट_यूझर, लोडरमध्ये

घटप्रभा

हा बॅकट्रेस म्हणजे जवळजवळ कबुलीजबाबच आहे. खालून वर वाचा. कर्नेलने प्रोग्राम आणि लोडर मेमरीत आणून ताबा लोडरकडे दिला. लोडरने सगळ्या लायब्रऱ्या आणल्या, पत्त्यांची जोडणी केली आणि मग प्रत्येक लायब्ररीचे इनिशियलायझर (ग्लोबल ऑब्जेक्ट तयार करणारा कोड) चालवायला सुरुवात केली. हे सारे ‘मेन’च्या आधी होते. लिबदाबची पाळी आल्यावर तिच्या कन्स्ट्रक्टरने लिबनोंदमधल्या मॅपमध्ये नोंद करायला घेतली, परंतु लिबनोंदचे इनिशियलायझर तोवर चाललेलेच नव्हते. हजेरीचे रजिस्टर आणण्याआधीच हजेरी लावण्याचा हा प्रकार आहे.

मॅप तयार झालेला नसला तरी त्याची जागा मेमरीत असते आणि ती पूर्ण शून्यांनी भरलेली असते. लिबस्टडसी++ मधला मॅप हा लाल-काळ्या वृक्षावर चालतो. त्याच्या प्रत्येक नोडमध्ये आधी रंग असतो आणि त्यानंतर आठव्या बाइटपासून पालकाचा पॉइंटर असतो. व्यवस्थित तयार झालेल्या रिकाम्या मॅपमध्ये शीर्ष-नोडचे डावे आणि उजवे टोक स्वतःकडेच वळलेले असते. इथे ते शून्य आहे. त्यामुळे ‘ही पहिलीच नोंद आहे’ हे कोडला ओळखता येत नाही आणि ते एक पाऊल मागे जाण्यासाठी डिक्रिमेंट फंक्शन बोलावते. ते फंक्शन आधी रंग पाहते. शून्य म्हणजे लाल. मग ते पालकाचा पालक पाहू जाते. पालक शून्य, आणि शून्यापासून आठ बाइट पुढे वाचले की पत्ता ८. आपल्या ‘डीमेसेज’मधला आकडा तो हाच.

पडताळा घ्यायचा असेल तर फ्रेम २ वर जाऊन मॅपचा मजकूर कच्च्या बाइटांत छापून पाहा, सगळीकडे शून्ये दिसली पाहिजेत. त्यानंतर ‘एलडी_डीबग’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची किंमत ‘लिब्ज’ ठेवून प्रोग्राम चालवा. त्या आउटपुटमध्ये ‘कॉलिंग इनिट’ अशा ओळी येतात, त्यांचा क्रम इथे द्या. सोबत ‘रीडएल्फ -डी’ लावून लिबदाबच्या ‘नीडेड’ नोंदींत, म्हणजे तिला हव्या असलेल्या लायब्रऱ्यांच्या यादीत, लिबनोंदचे नाव आहे का, तेही सांगा.

तंबाखूनगरी

विषय लायब्रऱ्यांचाच आहे म्हणून एक अनुभव मध्येच नोंदवतो. आमच्याकडे एक सेवा आठवड्यातून केव्हातरी कोसळायची आणि बॅकट्रेस दर वेळी वेगळा दिसायचा. कारण असे निघाले की, प्रोग्राम चालू असतानाच कोणीतरी नवी लायब्ररी जुनीवर ‘सीपी’ने कॉपी करत असे. ‘सीपी’ त्याच फाइलच्या आत लिहिते, आणि चालू प्रक्रियेने तीच फाइल मॅप केलेली असते. त्यामुळे पायाखालचा कोड बदलतो. नवी फाइल वेगळ्या नावाने त्याच डिरेक्टरीत ठेवून ‘एमव्ही’ने जागेवर आणली, तर जुन्या प्रक्रियेकडे जुनी फाइल शाबूत राहते. उद्यमबागकर, आपल्या दुखण्याशी याचा संबंध दिसत नाही, पण शॉप फ्लोअरवर हे हटकून होते.

उद्यमबागकर

तंबाखूनगरी, माहितीबद्दल आभार. आमच्याकडेही अपडेट ‘सीपी’नेच होते, ते आता बदलतो.

मॅपच्या जागी खरोखरच सगळी शून्ये आहेत. ‘रीडएल्फ’मध्ये लिबदाबच्या ‘नीडेड’ यादीत फक्त लिबस्टडसी++ आणि लिबसी आहेत, लिबनोंद नाही. मुख्य प्रोग्रामच्या यादीत मात्र लिबदाब आणि लिबनोंद दोन्ही आहेत.

अडचण ‘एलडी_डीबग’ची आहे. ते लावून प्रोग्राम चालवला तर एक ओळही छापली जात नाही, थेट सेगफॉल्ट येतो. दुसऱ्या साध्या कमांडवर मात्र भरपूर मजकूर येतो.

जुनासिस्टीमवाला

आपल्या प्रोग्रामला ‘सेटकॅप’ने काही विशेष अधिकार दिलेले आहेत का? टेस्ट बेंचवर थ्रेडचा प्राधान्यक्रम वाढवण्यासाठी ‘सिस_नाइस’ देण्याची पद्धत आहे. असे अधिकार असलेला प्रोग्राम सामान्य यूझरने चालवला की लोडर सुरक्षित पद्धतीत जातो आणि ‘एलडी_डीबग’, ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ यांसारख्या व्हेरिएबल्सकडे दुर्लक्ष करतो. हे योग्यच आहे, नाहीतर कोणीही आपली लायब्ररी घुसवून ते अधिकार पळवले असते. राकसकोप यांचा उपाय इथे लागू करूनही काही दिसले नसते, ते याचमुळे.

साध्या ‘सीपी’ने प्रोग्रामची प्रत काढा. प्रतीबरोबर ते अधिकार जात नाहीत, त्यामुळे प्रतीवर सगळी तपासणी करता येईल.

उद्यमबागकर

नेमके तेच होते. प्रतीवर ‘एलडी_डीबग’ बोलू लागले. उद्यमबागेत ‘कॉलिंग इनिट’चा क्रम : लिबसी, लिबस्टडसी++, मग लिबदाब, आणि तिथेच कोसळणे. शिनोळीला त्याच फाइलींवर आधी लिबनोंद आणि नंतर लिबदाब येते. फाइली त्याच असताना क्रम कसा बदलला?

जुनासिस्टीमवाला

आता चित्र पुरे झाले. लोडरचा नियम असा आहे की, एखादी लायब्ररी ज्यांच्यावर अवलंबून आहे त्यांचे इनिशियलायझर आधी चालवायचे. हे अवलंबन तो सोर्स पाहून ठरवत नाही, तर केवळ ‘नीडेड’ नोंदींवरून ठरवतो. आपल्या लिबदाबने लिबनोंदचे नावच सांगितलेले नाही. सिंबल मात्र सापडते, कारण मुख्य प्रोग्रामने लिबनोंद लोड करवलेली असते आणि शोध सगळ्यांच्या सामाईक कक्षेत होतो. म्हणजे पत्ता सापडण्याची सोय झाली, क्रमाची झाली नाही. परस्परांशी संबंध न सांगणाऱ्या दोन लायब्रऱ्यांपैकी आधी कोण, याबद्दल लोडरने कधीच हमी दिलेली नाही. शिनोळीला क्रम बरोबर लागत होता, तो निव्वळ योगायोगाने.

तो योगायोग का मोडला, याचेही उत्तर आहे. उबुंटू २०.०४ मध्ये जीलिबसी २.३१ आहे आणि २२.०४ मध्ये २.३५. फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेल्या २.३५ या आवृत्तीत लोडरची लायब्रऱ्यांचा क्रम लावण्याची पद्धत बदलली. जुनी पद्धत चक्राकार अवलंबनांच्या काही रचनांमध्ये फार संथ होत असे, म्हणून तिच्या जागी डेप्थ-फर्स्ट शोधावर आधारलेली पद्धत आली. सांगितलेली अवलंबने दोन्ही पद्धती पाळतात. न सांगितलेल्या ठिकाणी दोघींचे उत्तर वेगळे येऊ शकते.

खात्री करण्यासाठी जुनी पद्धत परत मागता येते. ‘जीलिबसी_ट्यूनेबल्स’ या व्हेरिएबलमध्ये ‘जीलिबसी.आरटीएलडी.डायनॅमिक_सॉर्ट=१’ ठेवून ती प्रत चालवा. हे केवळ निदानासाठी आहे. कारखान्यातल्या प्रोग्रामवर हे कायमचे लावून ठेवू नये, आणि आपल्या अधिकारवाल्या मूळ प्रोग्रामवर ते चालणारही नाही.

उद्यमबागकर

किंमत १ ठेवली तर प्रोग्राम चालतो, २ ठेवली तर कोसळतो. शंका उरली नाही. आता दुरुस्ती कशी करावी?

घटप्रभा

लिबदाब लिंक करताना लिबनोंदचे नाव द्या, म्हणजे ‘नीडेड’मध्ये नोंद येईल आणि क्रम नियमाने लागेल. हेच तापमापक आणि फ्लोमीटरच्या लायब्रऱ्यांनाही करा. त्या आज कोसळत नाहीत, कारण त्यांची पाळीच येत नाही.

दुसरी दुरुस्ती सोर्समध्ये करावी असे मी सुचवेन. मॅप ग्लोबल न ठेवता ‘नोंदवही()’ अशा फंक्शनच्या आत स्टॅटिक ठेवा आणि त्याचा रेफरन्स परत द्या. फंक्शनच्या आतला स्टॅटिक ऑब्जेक्ट पहिल्या वापराच्या वेळी तयार होतो, आणि सी++११ पासून हे अनेक थ्रेड असतानाही सुरक्षित आहे. मग इनिशियलायझर कोणत्याही क्रमाने चालले तरी मॅप तयारच सापडेल. पण ही दुरुस्ती केली म्हणून पहिली टाळू नये. लायब्ररी ज्याच्यावर अवलंबून आहे त्याचे नाव तिच्या फाइलीत असलेच पाहिजे, या मताची मी आहे.

मार्कंडेयकाठ

मी इथल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतो. एक शंका आहे. लिबदाबमध्ये ‘नोंदवा()’ची व्याख्याच नव्हती, तर लिंकरने त्याच वेळी तक्रार का केली नाही? प्रोग्राम लिंक करताना तर तो लगेच ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ म्हणून अडतो.

जुनासिस्टीमवाला

शंका अगदी मर्मावरची आहे. प्रोग्राम बनवताना सर्व सिंबले सापडली पाहिजेत असा लिंकरचा आग्रह असतो. शेअर्ड लायब्ररी बनवताना मात्र तो मूळचा ढिला असतो, कारण प्लगइनने मुख्य प्रोग्राममधली फंक्शने वापरणे हा रूढ प्रकार आहे. हा ढिलेपणा ‘-झेड डेफ्स’ या पर्यायाने घालवता येतो. तो लावला की अपुरी लायब्ररी बनतच नाही. मी तो नव्या प्रकल्पात पहिल्याच दिवशी लावतो. जुन्या प्रकल्पात लावल्यावर त्रुटींची रांग लागते, पण ती रांग पाहण्यासारखी असते.

राकसकोप

आता मलाही एक उपयोगी गोष्ट सांगू द्या. उबुंटूचा कंपायलर लिंकरला ‘ॲज-नीडेड’ हा पर्याय आपणहून देतो. लिबदाबमधले एकही सिंबल मुख्य प्रोग्राम थेट वापरत नसेल, तर नाव देऊनही लिंकर ती लायब्ररी यादीतून गाळतो. मग सेगफॉल्ट येत नाही, त्रुटी येत नाही, फक्त दाबमापक यादीत दिसत नाही. स्वतःची नोंद स्वतः करणाऱ्या लायब्रऱ्यांपुरते ‘नो-ॲज-नीडेड’ लावावे लागते. उद्यमबागकर, आपल्या बिल्ड फाइलमध्ये ते असणारच, साफसफाईच्या भरात काढू नका.

उद्यमबागकर

आहे, आणि मी ते काढण्याच्याच बेतात होतो.

‘-झेड डेफ्स’ लावल्यावर लिबदाबबरोबर फ्लोमीटर, तापमापक आणि कन्नड मजकुराची लायब्ररीही अडली. शेवटची लिबनोंदमधलेच एक फंक्शन नाव न सांगता वापरत होती. सगळीकडे नावे घातली आणि मॅप फंक्शनच्या आत नेला. दोन्ही संगणकांवर, डायनॅमिक_सॉर्टच्या दोन्ही किमतींवर प्रोग्राम चालतो.

आता एकच प्रश्न उरतो. उद्या फ्लोमीटरची लायब्ररी ‘डीएलओपन’ने गरजेप्रमाणे उघडून ‘डीएलक्लोज’ने बंद करण्याचा विचार आहे. बाहेर पडताना उलट क्रमाने असाच घोळ होईल का?

घटप्रभा

नोंदीचा कन्स्ट्रक्टर पूर्ण होण्याआधी मॅप तयार झालेला असतो, म्हणून बाहेर पडताना मॅप त्या ऑब्जेक्टच्या नंतर नष्ट होतो. तिथे धोका नाही. धोका ‘डीएलक्लोज’मध्ये आहे. लायब्ररी मेमरीतून गेली तरी मॅपमधली तिची नोंद आपोआप जात नाही, आणि तिच्यातला फंक्शन पॉइंटर नाहीशा झालेल्या पानाकडे पाहत राहतो. म्हणून नोंदणी करणाऱ्या ऑब्जेक्टच्या डिस्ट्रक्टरमध्ये नोंद काढून टाका. ‘डीएलओपन’ करताना ‘आरटीएलडी_नाऊ’ द्या, म्हणजे न सापडणारे सिंबल उघडतानाच कळेल आणि ‘डीएलएरर’मध्ये त्याचे नाव मिळेल. ‘लेझी’ दिले आणि असे सिंबल निघाले, तर व्हॉल्व्हवर दाब असताना चाचणीच्या मध्यावर प्रोग्राम मरेल. टेस्ट बेंचवर लायब्ररी बंद करण्याची खरोखर गरज नसेल, तर ‘आरटीएलडी_नोडिलीट’ देऊन ती मेमरीतच राहू द्यावी, असे माझे मत आहे.